बाबलीचं ‘व्हय’

वेळेवाडीच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान गावकारांच्या घरचा. नारळ-विडा पुढ्यात ठेवून हरिश्चंद्र गावकार उभा राहायचा, घसा खाकरायचा आणि देवाशी बोलायला लागायचा. जमीनदाराच्या पडवीत जुनं कूळ बोलतं तसं, अर्धं विनवणीनं आणि अर्धं हक्कानं.

“बा देवा म्हाराजा! जो घरात आसा तेका सुखान ठेव. जो दर्यात आसा तेका सुखान घराक हाड. आणि कोणी मनात काय वाकडा धरल्यान आसात, तर तेचा सरळ कर रे म्हाराजा!”

यावर सगळ्या गावानं एका आवाजात म्हणायचं, “व्हय म्हाराजा!”

ऐकायला सोपं वाटतं. पण शंभर माणसं एका आवाजात कशी म्हणणार? कुणीतरी पहिला हवा. तो जरा लवकर सुटला तर गावकाराचं वाक्य मध्येच तुटतं, जरा उशिरा सुटला तर गावाचं ‘व्हय’ लंगडत येतं. पुढच्या रांगेतले म्हणून मोकळे, मागचे अजून तोंड उघडतायत. वेळेवाडीत हा पहिला म्हणजे बाबली. हा मान त्याला कुणी दिला नव्हता. गळ्यानंच मिळवला होता.

बाबली माडावर चढून नारळ पाडायचा. पन्नाशीला टेकला होता, पाय धनुकलीसारखे वाकलेले, छाती मात्र पिंपासारखी. माडाच्या शेंड्यावर बसून “खाली कोण आसा रेऽऽ, सराऽऽ” असं ओरडत ओरडत त्याचा आवाज तयार झाला होता. त्या आवाजाखालून म्हशीसुद्धा बाजूला व्हायच्या. घरात मात्र तो जवळजवळ मुकाच. त्याची बायको मथुरा म्हणायची, “देवळात तेवढो कंठ फुटता. हंय मीठ सपला म्हणान सांगलंय, तर हूं नाय की चूं नाय.”

बाबली हसायचा. त्याचंही उत्तर तो द्यायचा नाही.

पण देवळात तो वेगळाच माणूस असायचा. डोळे मिटलेले, मान थोडी कलती, आणि गावकाराचा आवाज चढायला लागला की बाबलीच्या गळ्याची घाटी हळूहळू वर सरकायची. आवाज टोकाला जाऊन थांबला की घाटी खाली आणि ‘व्हय’ बाहेर. गावकार काय मागतोय, पाऊस की पोरगा, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. देव ऐकतोय ना, मग झालं.

नवा सिंधुदुर्ग जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. गावात भाई आले.

भाई तालुक्याच्या गावचे. मच्छीमारांची एक नवी संस्था निघाली होती, तिचे ते पुढारी. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. संस्थेला बर्फाचा कारखाना काढायचा होता, म्हणजे मासा टिकेल, दलाल पाडून मागणार नाही. आणि कारखान्यासाठी त्यांनी जागा हेरली होती ती सुरूच्या बनापुढची, सपाट, उंचवट्यावरची वाळू. तीच, जिथं मथुरा आणि वाडीतल्या बाया बांगडे, मोरी, सुंगटं अशी मासळी सुकत घालायच्या. वेळेवाडी पावसाळ्यात जे खायची ते त्या वाळूवरून यायचं.

सभा शाळेच्या पटांगणात होती. भाई उठले. खांद्यावरची शाल नीट केली. माईकवर दोनदा टिचकी मारली. आणि मग असे गप्प उभे राहिले, की मागं विड्या ओढत बसलेल्यांनीही मान वर केली.

“माझ्या दर्यावर्दी बंधूंनो,” अगदी हळू सुरुवात. “होडी कुणाची?”

थांबले.

“तुमची! जाळं कुणाचं? तुमचं! वादळात जीव कुणाचा जातो? तुमचा! आणि भाव? भाव ठरवतो कोण? जो कधी गुडघाभर पाण्यात उतरला नाही तो! किती दिवस हे चालायचं? बापानं सोसलं, आपण सोसायचं? आपण सोसलं, लेकरांनी सोसायचं? लेकरांनी सोसलं, तर त्या लेकरांच्या लेकरांनीसुद्धा...”

इथं भाईंनी आवाज थेट आभाळाला लावला आणि सोडून दिला. खिशातून पांढरा रुमाल काढला. ओठांवर दाबला. आणि मग एकदम खाली, जवळजवळ कानात सांगितल्यासारखं,

“मग उभा राहू दे ना, बाबांनो, आपला कारखाना? इथंच? या आपल्या वाळूवर?”

आणि तिथं ती ‘व्हय’ची जागा आली.

“व्हय म्हाराजा!” बाबलीचा आवाज गेला. त्याच्या मागोमाग सगळं पटांगण, म्हातारे, पोरंटोरं, बाया, हातातलं पान चुन्यासकट तसंच धरून, “व्हय म्हाराजा!”

भाईसुद्धा दचकले. त्यांनी पुष्कळ टाळ्या घेतल्या होत्या. असं काही त्यांना कुणी दिलं नव्हतं. त्यांनी हात जोडले. शेजारी बसलेल्या कारकुनानं लगेच लिहिलं, सर्वानुमते मंजूर. लोक हसले, एकमेकांना ढोसलं, काय जोरदार झालं म्हणाले. त्या हसण्यातून बायांच्या बाजूनं मथुराचा आवाज आला,

“खंयच्या वाळयेर म्हणालो गो तो?”

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर बाबलीला बसायला जागा मिळाली नाही. म्हणजे बाकडं रिकामं होतं, पण माणसं तोंडानं बसू देईनात.

“काय बाबली, उद्या कोणी माजा घर मागल्यान तर तेकाय व्हय म्हणशीत?”

“घर सोड रे. ह्येची बायल मागल्यान तरी ह्यो आदी व्हय म्हणतलो, मगे कोणाची ता इचारतलो.”

“तुमी पण म्हणालास मां?” बाबली पुटपुटला.

“आमी तुज्या मागसून म्हणालंव!”

खरी शिक्षा घरात होती. मथुरा ओरडली नाही. ओरडणारी बाई गप्प झाली की घर मोठं वाटायला लागतं. पेज वाढून ती समोर बसली आणि म्हणाली, “माका एकच सांगा. तो काय म्हणालो, ता तुमका आयकाक इला?”

बाबलीनं बराच वेळ आठवून पाहिलं. “नाय.”

“मगे व्हय कित्याक म्हणालास?”

“तेणां जागो ठेवल्यान,” बाबली म्हणाला. “चढत गेलो, चढत गेलो, आणि जागो ठेवल्यान. माका वाटला, थंय माजा आसा. मी भरलंय.”

मथुरा त्याच्याकडे बघत राहिली. नवरा इतकं एका दमात बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

त्या आठवड्यात बाबलीला सिसिलिया बाईंकडचे माड होते. सिसिलिया बाई हायस्कुलात शिकवायच्या आणि पोरांना वक्तृत्व स्पर्धांसाठी तयार करायच्या. गाजलेल्या पुढाऱ्यांची, देशातली, परदेशातली भाषणं त्या वर्गात नारळासारखी फोडून दाखवायच्या: इथं वक्ता श्वास घेतोय, इथं मुद्दाम अडखळतोय, इथं तुम्ही रडावं अशी त्याची इच्छा आहे. आणि शिकवताना नकला अशा करायच्या, की शेजारच्या वर्गातली पोरं गणित सोडून भिंतीला कान लावायची.

बाबली नारळ पाडून खाली उतरला आणि निघेचना. शेवटी बाईंनीच विचारलं, “काय रे? सोलून पण देतलंस?”

त्यानं सगळं सांगितलं. भाईंचे शब्द त्याला एकही आठवत नव्हते. पण चाल होती. हूं-हूं करत त्यानं ती चाल म्हणून दाखवली, कुठं चढली, कुठं तुटली, कुठं खाली आली. बाईंनी डोळे मिटून ऐकली. मग पदर कमरेला खोचला, पडवीच्या पायरीवर चढल्या, नसलेल्या माईकवर टिचकी मारली.

“माझ्या प्रवासी बंधूंनो! शिरोड्याला आपण हात केला. गाडी थांबली? सातार्ड्याला म्हाताऱ्यानं काठी केली. गाडी थांबली? अरे, बांद्याच्या बाजारात लेकुरवाळी आडवी आली, तिची कोंबडी आडवी आली, कोंबडीची पिल्लंसुद्धा...”

बाई थांबल्या. पदराचं टोक ओठांवर दाबलं. आणि हळूच,

“मग सांगा, बाबांनो, ही चूक त्या कोंबडीचीच ना?”

“व्हय म्हा...” बाबलीच्या तोंडून गेलं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. कुंपणावरचा कावळा उडाला.

सिसिलिया बाई पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. “कोंबयेची चूक, बाबली? खरांच?”

“नाय हो बाई,” बाबली घाबरून म्हणाला. “ड्रायव्हराची.”

“मगे?”

बाबली पायानं एक नारळ उगाच फिरवत राहिला. मग बाईंचं हसू ओसरलं.

“आयक. तो इचारता, पण तेका उत्तर नको आसता. उत्तर तेच्या खिशात आसता, रुमालाच्या वांगडा. तीनदा चढयता तुका, म्हाडार चढतंस तसो. शेंड्यार न्हेता आणि हात सोडता. मगे तू काय करतलंस? खाली उतरूक व्हयाच मां? तो म्हणात थंय तू उतरतंस. मी पोरांका ह्याच शिकयतंय. भाषा खंयचीय आसूं दे, भाषणाची हाडां हीच.”

“म्हणजे ता खोटा?”

“खोटा कित्याक?” बाई जरा विचारात पडल्या. “गावकार गाऱ्हाणां घालता तेचीय हाडां तीच मां? ती नसती तर कोणाचा कोणी आयकलाच नसता. आमच्या खुरसाकडे प्रार्थनेची लदीन आसता, थंय म्हणणारो एक आणि उत्तर देणारे आमी सगळी. एकदा अख्खी लदीन माज्या मनात आमटयेची फोडणी होती. उत्तर एकय चुकूक नाय.” त्यांनी कमरेला खोचलेला पदर सोडला. “देवाक चलता रे. देव काय ठराव लिवन घेना नाय.”

हे वाक्य बाबली घरी घेऊन गेला. चार दिवसांनी पुन्हा आला. माडावर आता नारळच नव्हते, तरी आला. बाईंनी पायरी चढून कधी दुधाच्या भावावर भाषण ठोकलं, कधी पोरांच्या नापास होण्यावर, कधी नुसत्या माशांच्या नावांचं, पेडवे, तारले, सौंदाळे, अशी तीन पायऱ्यांची रचना करून. आधी बाबलीच्या तोंडून निम्मं ‘व्हय’ सुटायचं. मग नुसता श्वास. मग एक दिवस फक्त गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली, आणि तोंड मिटलेलंच राहिलं.

“झाला!” बाई म्हणाल्या. “सभेक आता गप ऱ्हव. तू गप ऱ्हवलंस काय गाव गप ऱ्हवता.”

कारण सभा पुन्हा होणार होती. जागा देण्याआधी कुणाची हरकत आहे का, हे ऐकून घ्यायचा नियम होता. तोच कारकून, तेच पटांगण, तेच भाई. फक्त गर्दी जास्त होती. मागच्या वेळी गाव कसं गरजलं होतं, ते आजूबाजूच्या वाड्यांत पोचलं होतं.

बाबली पहिल्या रांगेत मांडी घालून बसला. मथुरा बायांत. सिसिलिया बाई कडेला छत्री टेकून.

भाई त्या दिवशी आधीपेक्षा चांगले बोलले, हे मान्य करायला हवं. आई आली, समुद्र आला, उपाशी लेकरू आलं. आवाज पायरी पायरीनं चढला, शेंड्यावर गेला, सुटला. रुमाल निघाला.

“...मग द्यायची ना, माझ्या मायबापांनो, या वाळूला संधी?”

जागा आली. पटांगणातले सगळे डोळे बाबलीच्या गळ्यावर. घाटी वर गेली. खाली आली. तोंड मिटलेलं.

गाव गप्प. इतकं गप्प, की कुणाच्या तरी मांडीवरचं मूल खुदकन हसलं ते सगळ्यांना ऐकू गेलं.

भाई घोटभर पाणी प्याले आणि त्यांनी पुन्हा चढवलं. पुन्हा जागा ठेवली. पुन्हा कुणी भरली नाही. सिसिलिया बाईंनी छत्रीची मूठ घट्ट धरली होती.

पण भाई काही कालचे नव्हते. ते हसले, अगदी घरच्यासारखे. “आता कसं, मुलगी बघायला गेलो की मुलगी कधी ‘हो’ म्हणते का? मान खाली घालून गप्प बसते. घरची माणसं समजतात काय ते!” सगळीकडे हशा पिकला. “मौन म्हणजेच संमती. लिहा हो.”

कारकुनानं पेन उघडलं.

बाबलीनं बाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा उतरला होता. हे त्यांनी त्याला शिकवलं नव्हतं. बोलला तरी होकार, नाही बोलला तरी होकार. बाबलीला माडाच्या शेंड्यावरून झावळी निसटावी तसं झालं, आणि तो कसा उभा राहिला ते त्यालाच कळलं नाही.

“नाय!”

“नाय म्हाराजा!” पटांगण गरजलं.

असं गरजलं, की कारकुनाचं पेन टेबलावरून खाली घरंगळलं. टाळ्या पडल्या. कुणी शिट्टी मारली. मथुरा टाळ्या वाजवत उभी राहिली होती. भाई खुर्चीत बसले. जिंकलंच म्हणायचं.

बाबली मात्र उभाच होता. त्याची नजर लवूवर गेली होती. लवूची होडी होती, आणि बर्फाचा कारखाना व्हावा म्हणून तो सहा महिने सगळ्यांशी भांडत होता. तोही आत्ता हात वर करून ‘नाय म्हाराजा’ म्हणाला होता, आणि हात तसाच वर ठेवून इकडंतिकडं बघत होता.

“लवू,” बाबलीनं विचारलं, “तू कित्याक नाय म्हणालंस? तुका तर बरफ व्हयो आसा.”

लवू गोंधळला. “तू म्हणालंस म्हणान.”

लोक हसले. बाबली हसला नाही. भाईंच्या बोलण्यामागं जाऊन गाव वाळू द्यायला निघालं होतं. आता त्याच्यामागं येऊन तेच गाव ती राखत होतं. उद्या तिसरा कुणी चढवील.

“असा नको,” तो म्हणाला. आवाज लहान होता, घरातला. मागच्यांनी ‘काय म्हणता? काय म्हणता?’ केलं, तेव्हा त्याला पुन्हा बोलावं लागलं. “माज्या मागसून नको. एकेकान उठा आणि आपला आपला सांगा. मी आता गप बसतंय.”

आणि तो बसला.

बराच वेळ कुणी उठेना. मग मथुरा उठली. घरात हजार गोष्टी सांगणारी मथुरा इथं अडखळली. पदर नीट केला, पुन्हा केला. “आमी थंय बांगडे सुकत घालतंव,” ती म्हणाली. “वारो थंय बरो लागता. खाली घातले तर वलसर ऱ्हवतत, आणि किडे पडतत.” आणि बसली. संपलं. ना पायऱ्या, ना रुमाल.

तिच्यानंतर आनंदीबाई उठली. ती सुकत घातलेल्या मोऱ्यांपासून सुरू झाली आणि सासरी नांदत नसलेल्या लेकीवर जाऊन पोचली, तिथून कुणकेश्वरच्या जत्रेत हरवलेल्या चपलेवर. कुणी तिला तोडलं नाही. आणखी दोघी-तिघी बोलल्या. मग लवू उठला आणि बाबलीकडे न बघता म्हणाला, की त्याला बर्फ हवाच, पण तो वाळूवरच हवा असं काही नाही. बर्फाला काय, रस्त्याकडचा कातळही चालेल.

भाईंनी हातातला रुमाल घडी करून खिशात ठेवला होता. ते पुढं वाकून ऐकत होते. मध्येच त्यांनी मथुराला विचारलं, “पावसाच्या आधी तुम्हाला साधारण किती वाळू लागते?” आणि विचारून थांबले. या वेळी थांबले ते उत्तरासाठी. मथुरानं शेजारणीशी कुजबुज केली आणि सुरूच्या पहिल्या झाडापासून होड्यांपर्यंत हात फिरवून दाखवला.

“मग कातळाची जागा मी उद्या येऊन बघतो,” भाई म्हणाले.

कारकून लिहून लिहून वैतागला होता. “झालं ना सगळ्यांचं?”

“माजा ऱ्हवला,” बाबली म्हणाला.

सगळे पुन्हा त्याच्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, आता मोठा आवाज येणार. बाबली टेबलाजवळ गेला आणि कारकुनाला ऐकू जाईल एवढंच बोलला.

“मी नारळ पाडतंय. माका वाळू नको आणि बरफय नको. पण मागच्या सभेक मी न आयकताच व्हय म्हणालंय. तेवढा माजा व्हय खोडून टाका.”

“एकाचं कसं खोडणार?” कारकून म्हणाला. “तिथं सर्वानुमते लिहिलंय.”

“मगे आता सर्व नाय ऱ्हवले.”

कारकुनानं भाईंकडे पाहिलं. भाईंनी होकारार्थी मान डोलावली. कारकुनानं मागची पानं उलटली, तो शब्द शोधला आणि त्यावर आडवी रेघ मारली. बाबलीला वाचता येत नव्हतं. पण रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट गेली की नाही, हे वाकून बघितल्याशिवाय तो टेबलापासून हलला नाही.